पराक्रम कोणाच्या पदरी? – वैमानिक हान्स-उलरिख रुडेल
(द्वितीय वर्ष, कला)

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या नावांनी शिकतो. रोमेल, माँटगोमेरी, झुकॉव्ह ही नावे परीक्षेपुरती तरी पाठ असतात. परंतु प्रत्यक्ष लढलेल्या एखाद्या माणसाचे चरित्र पाहू लागलो, म्हणजे सनावळीत न सापडणारे प्रश्न समोर उभे राहतात. हान्स-उलरिख रुडेल हा जर्मन वैमानिक असाच प्रश्न निर्माण करणारा माणूस आहे. सुवर्ण ओकपर्णे, तलवारी आणि हिरे यांनी युक्त असा 'नाइट्स क्रॉस' संपूर्ण जर्मन सैन्यात एकट्या त्यालाच मिळाला.

रुडेलचा जन्म २ जुलै १९१६ रोजी सायलेशियात झाला. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता. आता त्याचा बहुतेक भाग पोलंडमध्ये आहे. वडील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक. १९३६ साली तो हवाई दलात दाखल झाला. आरंभी त्याच्यात विशेष काही आहे असे वरिष्ठांना वाटले नाही. १९३९ च्या पोलंडवरील स्वारीत तो केवळ टेहळणी विमानातला निरीक्षक होता. १९४१ साली क्रीटच्या लढाईच्या वेळीही त्याला मागेच ठेवण्यात आले. रशियावरील आक्रमण सुरू झाल्यावर, जून १९४१ मध्ये, त्याला प्रथम 'स्टुका' विमानातून लढण्याची संधी मिळाली.

'स्टुका' म्हणजे युंकर्स ८७ हे सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान. घार भक्ष्यावर झेपावते तसे ते उंचावरून जवळजवळ सरळ खाली येई, बॉम्ब सोडी आणि पुन्हा वर उठे. वेग आवरण्यासाठी पंखांखाली झडपा होत्या. वर उठताना येणाऱ्या दाबाने वैमानिकाच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येई, म्हणून विमान आपोआप सावरण्याची यंत्रणा बसविलेली होती. काही विमानांना कर्कश भोंगे लावीत, खालच्या लोकांची भीतीने गाळण उडावी म्हणून. आसने दोन: पुढे वैमानिक, त्याच्या पाठीला पाठ लावून मागे तोफची. नेम अचूक, पण चाल मंद, हा या विमानाचा मोठा दोष होता. १९४० साली ब्रिटनवरील हवाई युद्धात वेगवान लढाऊ विमानांपुढे स्टुकांची दाणादाण उडाली होती.

२३ सप्टेंबर १९४१ रोजी क्रोनश्टाट बंदरात रुडेलने १,००० किलोचा बॉम्ब 'मारात' या सोव्हिएत युद्धनौकेवर टाकला. नौकेच्या पुढच्या भागातील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि तीनशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. मात्र पाणी उथळ असल्याने नौका तळाला टेकून राहिली. रशियनांनी तिच्या उरलेल्या तोफा दुरुस्त करून पुन्हा जर्मनांवर रोखल्या. रुडेलच्या कीर्तीइतकीच ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९४३ साली स्टुकाच्या दोन्ही पंखांखाली ३७ मिलिमीटरची एकेक तोफ बसविण्यात आली. प्रत्येक तोफेत गोळे फक्त बारा. रणगाड्याचे चिलखत समोरून जाड असते. मागे, इंजिनापाशी आणि वरून ते पातळ असते. म्हणून अगदी खालून उडत जायचे, मागची बाजू गाठायची आणि जवळून गोळा झाडायचा, ही रुडेलची पद्धत. जुलै १९४३ मधील कुर्स्कच्या लढाईत तिचा वापर झाला.

त्याच्या धाडसाविषयी शंका घेता येत नाही. मार्च १९४४ मध्ये खाली उतरलेल्या सहकाऱ्यांना सोडविण्यासाठी त्याने शत्रूच्या मुलखात विमान उतरविले. पण ते पुन्हा उडेना. बर्फासारख्या थंड नीस्टर नदीतून त्याने पोहून पलीकडचा तीर गाठला. त्याचा तोफची हेन्शेल मात्र बुडाला. ८ फेब्रुवारी १९४५ रोजी विमानविरोधी तोफेच्या माऱ्यात रुडेलचा उजवा पाय गुडघ्याखाली तुटला. काही आठवड्यांतच तो पुन्हा उडू लागला. ८ मे रोजी तो अमेरिकनांना शरण गेला.

त्याच्या नावावर २,५३० उड्डाणे आणि ५१९ रणगाडे नोंदले आहेत. उड्डाणांचा आकडा सर्वसाधारणपणे मान्य आहे. रणगाड्यांचा मात्र जपून घ्यावा लागतो. धूर आणि धुळीतून वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला रणगाडा कायमचा निकामी झाला की दुरुस्त होण्याजोगा राहिला, हे कसे कळणार? शिवाय हरत चाललेल्या राजवटीला वीरपुरुषांची गरज होती. आकडा मोठा असण्यात तिचे हित होते.

पण आकडा खरा मानला तरी मुख्य प्रश्न उरतोच. हा पराक्रम कशासाठी होता? 'मारात'च्या तोफा लेनिनग्राडचे रक्षण करीत होत्या. त्या शहराचा वेढा सुमारे ८७२ दिवस चालला आणि लाखो नागरिक उपासमारीने मेले. संपूर्ण युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. रुडेलचा प्रत्येक यशस्वी हल्ला या संहाराला हातभार लावीत होता.

हुकमाचा ताबेदार म्हणून त्याला सूट द्यावी, तर युद्धोत्तर आयुष्य आडवे येते. १९४८ साली तो अर्जेंटिनाला गेला आणि तेथे फरारी नाझींना मदत करू लागला. १९५३ साली पश्चिम जर्मनीत एका अतिउजव्या पक्षातर्फे त्याने निवडणूक लढविली. १९७६ साली हवाई दलाच्या मेळाव्यातील त्याच्या उपस्थितीचे समर्थन केल्याबद्दल दोन जनरलांना पद सोडावे लागले. १९८२ साली मरेपर्यंत त्याने हिटलरवरील निष्ठा सोडली नाही.

आपल्याकडे अशा वेळी कर्णाचे उदाहरण हटकून दिले जाते. चुकीच्या पक्षाकडून लढलेला तोही महावीरच, असे म्हणतात. परंतु पांडवांना आपण कठोर बोललो याचा पश्चात्ताप कर्णाने कृष्णाजवळ बोलून दाखविला होता. पक्ष अधर्माचा आहे हे त्याला उमगले होते, म्हणूनच आपण त्याच्यासाठी हळहळतो. रुडेलच्या बाबतीत ती हळहळ कोठून आणावी?

हिटलरचे आत्मचरित्र आपल्या पदपथांवरील पुस्तकविक्रेत्यांकडे आजही खपते. शिस्त, धडाडी, जिद्द यांच्या नावाखाली त्या राजवटीचे कौतुक आपणा तरुणांच्या गप्पांतूनही ऐकू येते. रुडेलकडे हे तिन्ही गुण भरपूर होते, हे मान्यच केले पाहिजे. मात्र हे गुण म्हणजे धारदार शस्त्रे आहेत. ती कोणाच्या हाती आहेत आणि कोणावर चालत आहेत, हे विचारल्याखेरीज त्यांना ओवाळू नये.