एस.टी.नं जाऊया, पेठेचा फुटबॉल बघूया!

मैत्रिणींनो, मोज्यांवरचे तांबड्या मातीचे डाग कशानं जातात, हे तुम्हा-आम्हाला तोंडपाठ असतं. आधी माती वाळू द्यायची, झटकायची, मग साबणाच्या पाण्यात भिजत घालायचं. पण ज्या खेळानं ते डाग पडतात, तो आपल्यापैकी किती जणींनी बघितलाय? मुलगा रोज संध्याकाळी खेळायला जातो, गुडघा फोडून घेऊन येतो, आपण हळद लावतो नि ओरडतो. एवढाच आपला फुटबॉल!

म्हणून सांगते, सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजीकडं राहत असाल तर एक दिवस कोल्हापूरला जा. अंबाबाईचं दर्शन घ्याच, पण दुपारी पाय शाहू स्टेडियमकडं वळवा. टीव्हीवर दिसणारा कोट्यवधींचा फुटबॉल वेगळा आणि हा वेगळा. इथले संघ पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही सगळी तालीम मंडळांची नावं. ज्या तालमीत कुस्त्या खेळल्या, जिथं गणपती बसतो, तिथलीच पोरं बूट घालून मैदानात उतरतात. शिवाय प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी असे संघ आहेतच. स्पर्धांचा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन बघते, ती 1940 सालची. पावसाळा संपून थंडी पडली की हंगाम सुरू होतो, तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. कुणाचा सामना कधी, हे आदल्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर मिळतं. ते बघितल्याशिवाय निघू नका, नाहीतर रिकाम्या पायऱ्या बघून परत यावं लागेल.

आता प्रवास. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालंय. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धंच. म्हणजे घरात पूर्ण तिकिटाचा मान आता एकट्या ह्यांचा! मिरजेहून रेल्वेही आहे, पण सांगली-इचलकरंजीला एस.टी.च सोयीची. स्टँडवर उतरल्यावर तिथंच सगळं उरकून घ्या, बरं का. बाईमाणसाला दिवसभर बाहेर काढायचा तर पहिला प्रश्न हाच असतो आणि प्रवासाच्या लेखांत नेमका तोच कुणी लिहीत नाही. मग केएमटीनं किंवा रिक्षानं गावात जायचं. देवळापासून स्टेडियम चालत जाण्यासारखं आहे. वाटेत खासबागेत भेळ खाल्ली तर हरकत नाही, पण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात असू द्या. पायऱ्या उन्हानं तापतात, तेव्हा घडीची चटई, टोपी आणि पाणी हवंच. ठेवणीतली साडी नको.

खेळ समजायला अवघड नाही. हात लावायचा नाही (गोलकीपर सोडून) आणि चेंडू जाळ्यात घालायचा. पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, लाल म्हणजे बाहेर. 'ऑफसाइड'नं मात्र डोकं चक्रावतं. पुढच्या खेळाडूकडं चेंडू मारला जातो, त्या क्षणी तो चेंडूच्या आणि समोरच्या संघाच्या बचावफळीच्याही पुढं जाऊन उभा असेल तर चालत नाही. पंगत मांडायच्या आधीच पाटावर जाऊन बसल्यासारखं ते!

मी बसले होते तिथं मागून एक पोरगा म्हणाला, "वहिनी, कुठल्या पेठेच्या म्हणायच्या?" म्हटलं, "सांगलीच्या." तर म्हणाला, "मग आजच्यापुरत्या आमच्याच!" आणि शेंगदाण्यांची पुडी पुढं केली.

असं असलं तरी सगळं गोडगोड सांगणार नाही. शेजारच्या पेठांची चुरस कधी कधी हुल्लडबाजीवर जाते, त्याच्या बातम्या आपणही वाचतो. म्हणून पहिल्याच खेपेला, मुलं बरोबर असताना, दोन कट्टर संघांचा अंतिम सामना निवडू नका. साखळीतला साधा सामना बघा. आणि माझं स्पष्ट मत आहे, की पायऱ्यांवर आया-बहिणी जास्त बसल्या तर शिव्यांना आपोआप थोडा लगाम बसेल.

माझ्या पुढच्या पायरीवर एक मावशी होत्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मुलगा बचावफळीत खेळत होता. तो धडपडला की त्या पदर तोंडाशी धरायच्या. म्हणाल्या, "चार वर्षं खेळतोय, आज पहिल्यांदा आले. रोज भांडत होते, अभ्यास सोडून काय मिळवतोस म्हणून." त्यांचं चुकतही नव्हतं. हंगामाच्या ऐन मध्यावर दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. शिकवणाऱ्या बाईला त्याची झळ वर्गात कळते. शिवाय गुडघा दुखावला तर दवाखान्याचा खर्च घरावरच. आता काही संघ परदेशी खेळाडूही आणतात, तेव्हा गल्लीतल्या पोराला जागा मिळवायला आणखी झगडावं लागतं.

तरी वाट अगदीच बंद नाही. 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आणि मुलींच्या आयांनो, 2019-20 च्या महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये कोल्हापूर सिटी हा संघ होता, हेही लक्षात ठेवा. लेकीनं बूट मागितले तर "हे काय पोरींचं काम?" म्हणण्याआधी तिला एकदा हे मैदान दाखवून आणा.

सामना संपल्यावर मावशी कठड्यापाशी गेल्या. पोरानं घाम पुसत पिशवीतला डबा घेतला आणि विचारलं, "दिसलो का गं?" त्या म्हणाल्या, "दिसलास की. पण तो काळ्या चड्डीवाला सारखी शिट्टी का वाजवत होता रे तुझ्यावर?"

परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर उतरतानाच विचारून ठेवा. आणि रात्रीसाठी सकाळीच मुगाची खिचडी निवडून, मोजून झाकून ठेवा. घरी पोचल्यावर फक्त फोडणी टाकायची.