सवडीचा अभ्यास, मुदतीचे स्वाध्याय

दूरच्या गावातील विद्यार्थ्यालाही नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने ऐकता यावीत, या हेतूने केंद्र शासनाने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमाचे अभ्यासक्रम तेथे विनामूल्य शिकता येतात. व्याख्यान पहाटे ऐकावे की रात्री, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या सवडीचा. दर आठवड्याचा स्वाध्याय मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत सादर करावाच लागतो. तरीही एखादा आठवडा सुगीत वा आजारपणात गेला म्हणून धीर सोडण्याचे कारण नाही. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्यायांचेच गुण धरले जातात.

या स्वाध्यायांना २५ गुण असून केंद्रावर जाऊन पर्यवेक्षकांसमोर द्यावयाच्या परीक्षेस ७५ गुण आहेत. प्रमाणपत्रासाठी पहिल्यात किमान १० व दुसऱ्यात किमान ३० गुण मिळवावे लागतात. एकातील उणीव दुसऱ्यातून भरून निघत नाही. परीक्षेची नोंदणी स्वतंत्र असून तिला शुल्क पडते. अभ्यासक्रमास नाव घातले की परीक्षेचीही नोंद झाली, या समजुतीत राहणाऱ्याचे सारे स्वाध्याय पूर्ण असूनही प्रमाणपत्र हुकते. नोंदणीची अंतिम तारीख महाविद्यालयाच्या फलकावर, आणि शक्य तर ग्रामपंचायतीच्याही, वेळीच लावलेली बरी.