सरावाचीही मात्रा असते

कोल्हापूरला कुस्तीइतकेच फुटबॉलचेही वेड आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे इथे फुटबॉल संघांचीही नावे आहेत. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. तेव्हापासून आपलाही मुलगा असाच पुढे जावा असे वाटणारे पालक मला वरचेवर भेटतात. मुलींचे संघही आता मैदानावर दिसतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

मात्र डॉक्टर म्हणून मला याची दुसरी बाजूही दिसते. हंगाम रंगात आला की बारा ते पंधरा वर्षांची मुले गुडघा किंवा टाच धरून दवाखान्यात येतात. "कुठे पडलास का?" असे विचारले तर उत्तर येते, "नाही डॉक्टर, आपोआपच दुखायला लागलं." हे दुखणे आपोआप येत नसते. बहुतेक वेळा ते नियोजन नसलेल्या सरावातून येते. औषधाला जशी मात्रा असते तशीच सरावालाही असते. कमी पडली तर गुण येत नाही आणि जास्त झाली तर अपाय होतो.

वाढते हाड आणि ओढला जाणारा स्नायू

मोठ्या माणसाचे हाड पक्के असते. मुलांच्या हाडांच्या टोकाशी मात्र मऊ कूर्चेचा भाग असतो आणि हाडाची वाढ तिथून होते. बारा ते पंधरा या वयात उंची भराभर वाढते. हाडे आधी लांब होतात, स्नायू त्यामानाने मागे राहतात आणि ताठरतात. मांडीचा मोठा स्नायू वाटीखालून नडगीच्या वरच्या उंचवट्याला जोडलेला असतो. मुलगा चेंडूला लाथ मारतो, उडी मारतो, वेगात धावताना थांबतो, तेव्हा प्रत्येक वेळी या कच्च्या जागेवर ओढ बसते. शेकडो वेळा ओढ बसली की तिथे सूज येते आणि टेंगूळ दिसू लागते. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. पोटरीच्या ओढीने टाचेत असाच त्रास होतो, तो साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत आढळतो.

अशा जागी जोरजोरात तेल चोळून घेऊ नये. सराव कमी करावा, बर्फाने शेकावे, मांडी आणि पोटरीचे ताणाचे व्यायाम हळुवार करावेत. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचा त्रास थांबतो. मात्र मूल लंगडत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल किंवा सांधा सुजला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

ऐंशी मिनिटांचा सराव

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मैदानावर नेहमी दिसणारे चित्र असे. आधी पाच-सहा फेऱ्या, मग वीस मुलांची एक रांग, समोर एक चेंडू, आणि एकेकाने जाऊन गोलवर मारायचे. साधा हिशेब करून पाहा. एका मुलाला दहा सेकंद लागले, तर त्याची पाळी पुन्हा सव्वातीन मिनिटांनी येते. वीस मिनिटांत त्याच्या वाट्याला सहा पाळ्या, म्हणजे एक मिनिट खेळ आणि एकोणीस मिनिटे उभे राहणे. अंग थंड पडते आणि थंड अंगाने जोरात लाथ मारली की स्नायू दुखावतो.

त्याऐवजी बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पुढील आराखडा वापरून पाहावा.

पहिली २० मिनिटे, अंग तयार करणे. फिफाच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी 'इलेव्हन प्लस' नावाचा पंधरा व्यायामांचा संच तयार केला आहे. आठ मिनिटे हलके धावणे, दहा मिनिटे पोट, मांडी व तोल यांचे व्यायाम, आणि शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे व वळणे, अशी त्याची रचना आहे. कोपरांवर शरीर तोलणे, एका पायावर उभे राहणे, गुडघे आत न झुकवता उडी मारून उतरणे हे त्यातले सोपे प्रकार. यंत्र लागत नाही, खर्चही नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर याची चाचणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे व्यायाम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. मात्र हे आठवड्यातून किमान दोनदा, नेमाने करावे लागते. त्याहून लहान मुलांसाठी वेगळा, सोपा संचही आहे.

पुढची २० मिनिटे, एकच कौशल्य. आज चेंडू अडवून वळणे, तर आज तेवढेच. दोघांत एक चेंडू द्यावा. चेंडू कमी असतील तर चौघांत एक, पण रांग नको.

पुढची २५ मिनिटे, छोटे सामने. चार विरुद्ध चार, लहान मैदान, गोलसाठी चपला ठेवल्या तरी चालतात. चार मिनिटे खेळ, दोन मिनिटे विश्रांती आणि पाणी. धावण्याचा दम यातच तयार होतो, वेगळ्या फेऱ्या लागत नाहीत. शिक्षा म्हणून तर फेऱ्या कधीच देऊ नयेत.

मग १० मिनिटे मोठा सामना आणि शेवटची ५ मिनिटे चालणे, हलके ताण आणि बोलणे. "कुणाचे काय दुखते?" हा प्रश्न रोज याच वेळी विचारावा. संघातून वगळतील या भीतीने मुले दुखणे लपवतात. सांगणाऱ्याला शाबासकी मिळाली तर ती लपवणार नाहीत.

आठवड्याचा हिशेब कोण ठेवतो?

एका दिवसाचा सराव उत्तम असूनही मूल आजारी पडू शकते, कारण एकच मुलगा अनेक ठिकाणी खेळतो. समजा, शाळेच्या संघात आठवड्याला सहा तास, पेठेच्या संघात आठ तास, अकादमीत तीन तास. एकूण सतरा तास झाले. तिन्ही प्रशिक्षक आपापल्या जागी बरोबर असतात, पण बेरीज कोणीच करत नाही. ती पालकांनी करावी. नियम सोपा आहे. सराव आणि सामने मिळून आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तास पुष्कळ झाले. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी असावी. वर्षातून दोन-तीन महिने फुटबॉल बाजूला ठेवून पोहणे, खो-खो असे दुसरे काही खेळावे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कठोर सराव घेऊ नये.

आणखी काही सूचना

१. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच घ्यावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्यावे. उन्हात खेळताना मूल असंबद्ध बोलू लागले किंवा झोकांड्या खाऊ लागले, तर सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

२. नुसत्या चहावर सरावाला पाठवू नये. आधी केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की आणि नंतर दूध, अंडे, उसळ-भाकरी असा साधा आहार पुरतो.

३. डोक्याला मार लागून मूल गोंधळले किंवा चक्कर आली, तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर रुग्णालयात न्यावे. लहान मुलांना डोक्याने चेंडू मारण्याचा सराव देऊ नये. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडिंग बंद केले. इंग्लंडमध्ये २०२० साली प्राथमिक शाळेतील मुलांच्या सरावातून ते वगळण्यात आले.

४. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू वापरावा. पाच नंबरचा जड चेंडू त्यानंतर.

प्रशिक्षक बंधूंनो, तुमच्यापैकी अनेकजण पदरमोड करून ही मुले घडवता, याची मला जाणीव आहे. माझी मागणी एवढीच की खिशात एक वही असावी. आज काय घेतले, किती मिनिटे घेतले, कोण लंगडत होता, एवढे तिच्यात लिहावे. तेराव्या वर्षी चमकलेला मुलगा सोळाव्या वर्षी कठड्यावर बसून सामना पाहतो, तेव्हा लोक म्हणतात, त्याच्यात दम नव्हता. पुष्कळदा दम असतो, पण तो चुकीच्या वयात आणि चुकीच्या मात्रेत खर्च झालेला असतो.