दिरहमाचा पगार आणि बेळगावचा बाजार

आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज दुबई, मस्कत, कुवेत येथे नोकरीस आहेत. मुलाचा पगार कळला की घरी तोंडी हिशेब होतो. समजा, पगार २,००० दिरहम आणि दिरहमाचा दर २३ रुपये. म्हणजे ४६,००० रुपये! या आकड्यावर लग्ने ठरतात, कर्जे काढली जातात, आणि त्याच घरातील धाकट्याने ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचा अर्ज केला, तर “यांना कशाला मदत?” असे म्हटले जाते. हा गुणाकार कोठे चुकतो, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

एके काळी आखातात आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी निराळ्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला, आणि जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर इतर राज्येही त्या वाटेने गेली. पण नाणे एक असले म्हणजे भाव एक असतात असे नाही. मुंबईत आणि निपाणीत एकच रुपया चालतो. खोलीचे भाडे मात्र सारखे नसते.

याचे कारण साधे आहे. सोने, मोबाईल अशा वस्तू देशोदेशी जातात. जकात-कर सोडला तर त्यांच्या किमतीत फार अंतर राहत नाही. पण घरभाडे, केशकर्तन, शिलाई, शाळेची फी या गोष्टी जहाजात भरून नेता येत नाहीत. त्यांचे भाव तेथील जागेवर व मजुरीवर ठरतात. म्हणून हुंडणावळीचा दर काही सांगतो आणि बाजार काही वेगळेच सांगतो.

हे अंतर मोजण्याचे काम १९६८ पासून संयुक्त राष्ट्रसंघ व पेनसिल्व्हानिया विद्यापीठ यांनी सुरू केले. आता ते जागतिक बँक पाहते. २०१७ च्या पाहणीत डॉलरचा दर ६५.१२ रुपये होता. परंतु अमेरिकेत एका डॉलरला मिळणारा माल भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होता. म्हणजे तोच रुपया येथे तिपटीहून अधिक पुरतो.

आता आपल्या मुलाचा हिशेब पुन्हा मांडू. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, हे खरे. पण खोलीतील वाटा, जेवण, प्रवास, फोन यांत समजा १,१०० दिरहम गेले. उरले ९००, त्यांचे २०,७०० रुपये झाले. बायकामुले तेथे नेली, तर स्वतंत्र घराचे भाडे आणि खाजगी शाळेची फी यांतच शिल्लक संपण्याचा संभव.

तात्पर्य, जो दिरहम तेथेच खर्च होतो त्याला २३ ने गुणू नये. जो घरी पोहोचतो त्यालाच गुणावे. आपली जकातही वर्षभर हाती राहिलेल्या शिलकेवर निघते, पगाराच्या आकड्यावर नव्हे. ट्रस्टच्या अर्जातही “मुलाचा पगार किती?” याऐवजी “दरमहा घरी किती येतात आणि कर्ज किती आहे?” असे विचारावे, ही आमची नम्र सूचना. तसे झाले तर गरजू विद्यार्थी केवळ एका गुणाकारापायी मागे राहणार नाही.