पेढीवरील जुना डेस्कटॉप आणि हलका लॅपटॉप

छावणीच्या धान्यबाजारातील आपल्या सभासद बंधूंत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो : गादीजवळचा जुना डेस्कटॉप काढून हलका लॅपटॉप घ्यावा काय ?

जुने यंत्र मंदावले की दोष प्रोसेसरास दिला जातो. आमच्या मते तो बहुधा हार्डडिस्कचा असतो. तिची तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि प्रत्येक नोंद शोधण्यासाठी तिचा वाचणारा दांडा योग्य जागी सरकावा लागतो. तिच्या ऐवजी एसएसडी बसविली, तर हलणारा भागच उरत नाही. तेच टॅली त्याच यंत्रावर झटकन उघडते.

हलक्या लॅपटॉपचा प्रोसेसर पुष्कळदा १५ वॅटचा, डेस्कटॉपचा ६५ वॅटचा. बिल काढण्यात लॅपटॉप मुळीच मागे पडत नाही. परंतु वर्षभराच्या जीएसटीचा मेळ दीर्घकाळ चालला, म्हणजे त्या पातळ देहात उष्णता साठते व तो आपली गती आपणच कमी करतो. (माळव्यातील मे महिन्याची दुपार त्यात भरच घालते !) वीज गेली असता चालू नोंद बुडत नाही, हा मात्र त्याचा मोठा गुण होय.

खरी चिंता निराळीच आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांस विंडोज ११ अधिकृतपणे लाभत नाही. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, ते यंत्र असे उघडे ठेवू नये. तेव्हा प्रथम पिढी पाहावी. आठवी वा नंतरची असल्यास एसएसडीवर भागवावे, अन्यथा नवे यंत्र घ्यावे.

मुनीमजींना मोठा पडदा व आकड्यांच्या कळा असलेला कळफलक लागतो; ते दोन्ही लॅपटॉपला बाहेरून जोडता येतात.