इंग्लंडचे वार्तापत्र : ट्रॅक्टरचा बंदोबस्त

लिंकनशायरच्या सपाट, नांगरटीच्या मुलखात हिंडताना आपल्याकडील माणसास प्रथम नवल वाटते ते शेतकऱ्याच्या एकटेपणाचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामायिक जमिनींची विभागणी होऊन त्यांना कुंपणे पडली, तेव्हापासून येथील पुष्कळ कास्तकार गाव सोडून आपापल्या रानातच बिऱ्हाड करून राहिले. त्यामुळे आपल्या गावठाणात दारापुढे उभ्या केलेल्या ट्रॅक्टरास साऱ्या आळीचा जो फुकटचा पहारा लाभतो, तो येथे लाखो पौंडांच्या यंत्रासही लाभत नाही.

हल्लीचा चोर सबंध ट्रॅक्टर नेण्याच्या खटाटोपात पडतोच असे नाही. उपग्रहाच्या संकेतांवरून तास सरळ धरणारे, केबिनच्या टपावरचे घुमटाकार जीपीएस यंत्र आणि आतला पडदा एवढेच काढून तो पसार होतो. हजारो पौंडांचा हा ऐवज पिशवीत मावतो आणि परदेशी सहज खपतो. शेतकऱ्यांचा विमा उतरविणाऱ्या एनएफयू म्युच्युअल या संस्थेच्या हिशेबी अशा चोऱ्यांपायी २०२३ साली ४२ लक्ष पौंडांचे दावे झाले. आदल्या वर्षाच्या दुपटीहूनही ही रक्कम अधिक. ऐन सुगीत यंत्र गेले म्हणजे नवे येईपर्यंत काम खोळंबते, आणि त्या खोळंब्याची भरपाई करणे कोणत्याही विमापत्रास अवघडच.

उपाय नाना प्रकारचे आहेत. कित्येक जुन्या ट्रॅक्टरांत एका नमुन्याच्या सर्व गाड्यांना एकच किल्ली चालते, म्हणून इंजिन रोखणारे निराळे यंत्र बसवितात. घुमटास सांकेतिक आकडा घालतात, किंवा रोज संध्याकाळी तो उतरवून घरात नेतात. २००७ पासून ‘सीझर’ नावाची नोंदणी चालू असून तिची त्रिकोणी पट्टी, डोळ्यांस न दिसणारे ठिपके आणि आत दडविलेली खूण यांवरून जप्त मुद्देमालाचा धनी पोलिसांस हुडकता येतो. परंतु मला सर्वांत कौतुक वाटले ते लोखंडी फाटकाच्या बिजागरीचे : दोन्ही खुंट वर तोंड करून असले तर चोर कुलपास हातही न लावता फाटक उचलून बाजूस ठेवतो, म्हणून शहाणे शेतकरी वरचा खुंट उलटा, खाली तोंड करून बसवितात. दहा मिनिटांचे काम, पण त्याने पुष्कळ साधते.

याउपर एक अडचण खास इंग्रजी आहे. सार्वजनिक पायवाटा येथे कायद्याने संरक्षित असून त्यांपैकी काही थेट शेतकऱ्याच्या अंगणातून, यंत्रांच्या छपराजवळून जातात. त्या वाटेवरील फाटकास कुलूप घालणे म्हणजे बेकायदेशीर अडथळा. रविवारी काठी टेकीत जाणारा निवृत्त गृहस्थ आणि टेहळणीस आलेला भामटा, दोघांचाही हक्क सारखाच, आणि मालकाने दोघांसही हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणावयाचे! पार्लमेंटाने २०२३ मध्ये कृषियंत्रांच्या चोरीविरुद्ध कायदा संमत केला खरा. पण त्याचा रोख मुख्यतः चारचाकी क्वाड बाइकांकडे होता, आणि बारीकसारीक नियम करण्याचे काम मंत्र्यांवर सोपविले होते. नियमांवर विसंबण्यापेक्षा छपराची जागाच पायवाटेपासून दूर हलविणे पुष्कळांस अधिक भरवशाचे वाटते.