शंभरातले साडेसहा कुठे जातात?

३१ मार्च २०२५ रोजी देशभरात चलनात असलेला ई-रुपया, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं डिजिटल चलन, होता १,०१६ कोटींचा. त्याच दिवशी चलनातल्या नोटा होत्या सुमारे ३७ लाख कोटींच्या. दहा हजारांच्या नोटांमागे पावणेतीन रुपये, एवढंच हे प्रमाण. यूपीआयवर २०२४-२५ मध्ये सुमारे २६१ लाख कोटींची देवघेव झाली, म्हणजे तासाला जवळपास तीन हजार कोटी. अख्ख्या देशातला ई-रुपया यूपीआयला वीस मिनिटं पुरेल. साठ्याची तुलना उलाढालीशी केली म्हणून अर्थशास्त्राचे प्राध्यापक नाक मुरडतील, पण अंदाज यायला ती पुरेशी आहे.

वाढ मात्र दणक्यात झाली. मार्च २०२३ अखेर १६ कोटी, पुढच्या मार्चला २३४ कोटी आणि त्याच्या पुढच्या मार्चला १,०१६ कोटी. किरकोळ ई-रुपयाची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. मार्च २०२५ पर्यंत १७ बँका आणि सुमारे ६० लाख वापरकर्ते त्यात आले. भागाकार केला तर माणशी सतराशे रुपयेही पडत नाहीत.

यात नवल नाही. डहाणू स्टेशनबाहेरच्या दुकानात यूपीआयच्याच क्यूआरवर ई-रुपयाही चालतो. पण खिशात यूपीआय असताना, तेही फुकट आणि तत्काळ, दुसरं पाकीट उघडायचं कशाला? म्हणून मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनाची खरी परीक्षा देशाबाहेरून येणाऱ्या पैशावर होईल, असं त्याचे पुरस्कर्तेही म्हणतात. ती परीक्षा डहाणू-तलासरीतून पाहू.

२०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४,०२,०९५ आणि तलासरीची १,५४,८१८. आदिवासींचं प्रमाण डहाणूत सुमारे ६९ टक्के, तलासरीत नव्वदच्या आसपास. परदेशाशी या मुलखाचं नातं चिकूमुळे आहे आणि वारली चित्रांमुळेही. या दोन वाटांनी पैसा अगदी वेगळ्या तऱ्हेने येतो.

भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवड चिकू जुलै २०२१ मध्ये ब्रिटनला रवाना झाला. माल तारापूरच्या पॅकहाउसमधून गेला. पालघर जिल्ह्यात तेव्हा सुमारे ५,००० हेक्टरवर चिकूची लागवड होती. अशा व्यवहारात पाउंड येतात निर्यातदाराच्या खात्यात, आणि बागायतदाराला मिळतात ते रुपये. निर्यातदाराची रक्कम मोठी असते, बँकेशी त्याची घासाघीस चालते, दरात पाव टक्का इकडेतिकडे करून घेण्याची त्याची ताकद असते.

वारली चित्रकाराचं तसं नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मागून आलेल्या पिढीतले काही जण आज परदेशी गिऱ्हाइकाला थेट चित्र विकतात. एका कापडाचे दोनशे डॉलर ठरले असं समजा. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने काढलेला तारप्याचा फेर, आठवडाभराचं काम. आता ते दोनशे डॉलर पाड्यापर्यंत यायचे आहेत.

घरी पाठवल्या जाणाऱ्या पैशाचा जागतिक बँक तिमाहीवार हिशेब ठेवते, तोही नेमका दोनशे डॉलरचाच. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत जगाची सरासरी होती ६.४९ टक्के. दोनशेमागे तेरा डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर अकराशे रुपये गळतात. संयुक्त राष्ट्रांचं २०३० चं लक्ष्य आहे ३ टक्के, म्हणजे ५१० रुपये. या दोहोंतला फरक सुमारे ५९० रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे हा फरक जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. हे आकडे जागतिक सरासरीचे आहेत. मोबाइल ॲपवरून पाठवलं तर खर्च कमी येतो, आणि सगळ्यांत महाग पडते ती बँकच.

ही गळती दोन ठिकाणी होते. पहिली शुल्कात, जी पावतीवर छापलेली असते. दुसरी विनिमय दरात, जी छापलेली नसते. बाजारात डॉलर ८५ ला असताना तुम्हाला ८३ ने मिळाला, तर शुल्क 'शून्य' असूनही दोनशे डॉलरमागे चारशे रुपये गेलेच. शुल्क ठरावीक असेल तर लहान रक्कम जास्त भरडली जाते. वीस डॉलरचं शुल्क दोन हजारांवर एक टक्का होतं आणि दोनशेवर दहा टक्के.

शुल्क लागतं ते साखळीमुळे. पाठवणाऱ्याच्या बँकेचं आपल्या बँकेत खातं नसतं, म्हणून मध्ये एक-दोन मोठ्या बँका येतात. स्विफ्टवरून जातो तो फक्त निरोप. पैसे या मधल्या बँकांच्या खात्यांत नावे-जमा होत पुढे सरकतात. प्रत्येक टप्प्यावर तपासणी, सुट्ट्या, वेळेतला फरक.

डिजिटल चलनाचं आश्वासन इथे आहे: दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांची चलनं एकाच मंचावर असतील तर मधल्या बँका गळतात आणि देणंघेणं एका क्षणात मिटतं. हे नुसतं कागदावर नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये एम-ब्रिज प्रकल्पात हाँगकाँग, चीन, थायलंड आणि अमिरातीच्या २० बँकांनी सहा आठवड्यांत १६४ व्यवहार केले, २ कोटी २० लाख डॉलरचे. तंत्र चाललं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र बासेलच्या आंतरराष्ट्रीय सेटलमेंट बँकेने प्रकल्पातून अंग काढून घेतलं.

आता भारताकडे येणारा पैसा कुठून येतो ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये आलेल्या ११८.७ अब्ज डॉलरपैकी २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रात आले, केरळपेक्षाही जास्त. पाठवणाऱ्यांत अमेरिका २७.७ टक्के, अमिराती १९.२, ब्रिटन १०.८. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने स्वतःच्या डिजिटल चलनावर बंदीच घातली. डिजिटल पाउंडचा निर्णय ब्रिटनने घेतलेला नाही. उरली अमिराती. तिच्या मध्यवर्ती बँकेशी रिझर्व्ह बँकेचा सामंजस्य करार मार्च २०२३ चा आहे. म्हणजे सर्वांत मोठी वाट बंद आणि चिकूची वाट अनिश्चित.

त्याउलट सिंगापूरच्या पे-नाऊशी यूपीआय २१ फेब्रुवारी २०२३ ला जोडलं गेलं. सिंगापुरातला नातेवाईक दिवसाला हजार सिंगापूर डॉलरपर्यंत रक्कम मोबाइल नंबरवर पाठवू शकतो. त्याला नवं चलन लागलं नाही. लहान रकमेसाठी मला हीच वाट जवळची वाटते.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. तलासरीला लागून असलेला दादरा-नगर हवेलीचा मुलूख ऑगस्ट १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि तिथे पोर्तुगीज रुपिया चाले. सरहद्द खरी होती, पण रुपियाची किंमत भारतीय रुपयाइतकीच होती. दरात मारायला जागाच नव्हती. डॉलर-रुपयाच्या बाबतीत ती जागा कायम राहणार, चलन कागदी असो की डिजिटल. दराचं काम करणारा कुणीतरी लागतोच, आणि तो फुकट करत नाही.

मोठ्या रकमांचं गणित वेगळं. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरांची क्षमता, आणि आखाती देशांमार्गे युरोपला जाणाऱ्या व्यापारी मार्गात मोक्याचं स्थान. मच्छीमारांचा विरोध बाजूला ठेवून चालणार नाही, पण बंदर उभं राहिलं तर अमिरातीशी होणाऱ्या घाऊक व्यवहारांत ई-रुपयाला काम मिळू शकतं. त्याचा फायदा जहाज कंपन्यांना आधी होईल. पाड्यावरच्या चित्रकाराच्या दोनशे डॉलरचा त्याच्याशी संबंध नाही.

तोवर परदेशातून पैसे येणार असतील तर बँकेला किंवा ॲपवाल्याला तीन गोष्टी विचारा: शुल्क किती, दर कोणता लावणार, आणि मधली बँक काही कापणार का. मग तो दर एफबीआयएल ही संस्था त्या दिवशी जाहीर करते त्या संदर्भ दराशी ताडून पाहा. तफावत टक्क्याच्या वर असेल तर दुसरीकडे चौकशी करा, आणि पावती जपून ठेवा.